उकड्या तांदळाची पेज, करंजेल आणि आमची दोन कुत्री

परवा रात्री अडीच वाजता बंड्याने मागच्या पडवीत तिसऱ्यांदा घाण केली. मी टॉर्च धरून उभी, नवरा बादली घेऊन उभा, आणि सासूबाई आतून खाटेवरनंच विचारतायत, "पातळ आसा काय गो? रगत दिसता काय?"

आमच्याकडे कुत्र्याच्या तब्येतीची चौकशी अशी मागच्या बाजूने सुरू होते. आईंना (सासूबाईंना आम्ही सगळेच आई म्हणतो) थर्मामीटर वगैरे काही लागत नाही. सकाळी उठल्या की चहाच्या आधी घरामागे एक चक्कर, कुठे काय पडलंय ते बघणार, मग कुत्र्यांच्या पाण्याच्या भांड्यात डोकावणार, मग बंड्याचा ओठ वर करून हिरड्या बघणार. लग्न होऊन डोंबिवलीवरनं इथे देवगड तालुक्यात आले तेव्हा मला हे सगळं जरा अतीच वाटायचं. आता चौदा वर्षं झाली, मीपण तेच करते, आणि चहाच्या आधीच करते.

दोन कुत्री आहेत. बंड्या आमचा गावठी, तांबूस, नऊ वर्षांचा, आंब्याच्या कलमांच्या राखणीला. माकडांवर भुंकायचं एवढंच त्याचं काम, आणि ते तो माकडं गेल्यावर करतो. दुसरी जुली, लॅब्रॅडॉर. ती विकत आणलेली नाही. तीन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत फिरायला आलेल्या कुणीतरी तिला किनाऱ्यावर सोडून दिलेलं, गळ्याभोवती पट्ट्याचा वण होता, पट्टा नव्हता. सोडणाऱ्याने निदान पट्टा तरी ठेवायचा, त्यावर एखादा फोन नंबर असेल म्हणूनच काढला असणार. असो, त्याबद्दल लिहायला बसले तर ही पोस्ट भलतीकडेच जाईल.

घरगुती उपायांबद्दल लिही असं बऱ्याच जणांनी सांगितलं म्हणून लिहितेय. आधीच सांगते, आम्ही घरगुती उपाय करतो ते 'नॅचरल' म्हणून हौसेने नाही, नाइलाजाने. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, डॉक्टर भला माणूस आहे, पण त्यांच्या गळ्यात अख्ख्या पंचक्रोशीची गुरं, गाय अडली असेल तर ते कुत्र्याचे जुलाब कधी बघणार. १९६२ नंबरवर फोन केला की जनावरांची फिरती गाडी येते, तीही मुख्यतः गुरांसाठी. कुत्र्या-मांजरांचं नीट बघणारा, रक्त तपासणारा डॉक्टर हवा तर तास-दीड तास गाडी, त्यात पाऊस, त्यात जुलीला गाडी लागते. त्यामुळे रात्री अडीच ते सकाळी दहा या वेळात घरात काय करायचं, हा आमच्यासाठी रोजच्या जगण्यातला प्रश्न आहे.

तर जुलाब. आईंचा नियम एकच, "आज त्येका काय एक घालू नको." मोठ्या धडधाकट कुत्र्याला दहा-बारा तास पोट रिकामं ठेवायचं, पाणी मात्र समोर हवं, आणि उलट्या होत असतील तर भांडं भरून नाही, थोडं थोडं. मी सुरुवातीला याला फार विरोध करायचे, आजारी जीवाला उपाशी कसं ठेवायचं म्हणून गुपचूप दूध-चपाती घालायचे आणि जुलाब वाढायचे. नंतर कळलं, मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचतच नाही, म्हणजे मी प्रेमाने जुलाबाचं औषधच देत होते!

उपास सुटतो पेजेवर. उकडा तांदूळ एक मूठ, पाणी त्याच्या सात-आठपट, मंद आचेवर तांदूळ फुटून पार गिळगिळीत होईपर्यंत शिजवायचा, चिमटीभर मीठ, बस्स. तूप नाही, हळद नाही, कांदा तर अजिबात नाही. वरची पातळ निवळ आधी द्यायची, ती टिकली की तासा-दोन तासाने भातासकट. दुसऱ्या दिवशी त्यात बिनहाडाची कोंबडी नुसत्या पाण्यात उकडून, कातडी काढून, कुस्करून. दोन भाग भात, एक भाग चिकन असं साधारण. घरात लाल भोपळा असेल तर एक फोड उकडून त्यात कालवते, त्याने घट्टपणा यायला बराच फरक पडतो, जुलाबाला आणि उलट मलावरोधाला, दोन्हीला चालतो हा प्राणी. पेज कोमट द्यायची. बंड्या गरम पेजेत नाक घालून एकदा असा केकाटला की शेजारचे तात्या काठी घेऊन आले, बिबट्या आला समजून.

शहाळ्याचं पाणी आम्ही देतो, पण चार-पाच चमचे, वाटी भरून नाही. ताकही पातळ करून दोन चमचे, जुलीला चालतं, बंड्या त्याकडे ढुंकून बघत नाही.

आता हे कुठपर्यंत करायचं ते महत्त्वाचं आहे. हिरडी बोटाने दाबा, पांढरी पडेल, बोट काढल्यावर दोनेक सेकंदात परत गुलाबी झाली पाहिजे. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडा, लगेच खाली बसली पाहिजे, तंबूसारखी उभी राहिली तर अंगातलं पाणी गेलंय. रक्त पडलं, पाणीसुद्धा ओकतोय, किंवा चोवीस तासांत फरक नाही, यातलं काहीही झालं की पेजेचा टोप खाली ठेवायचा आणि गाडी काढायची. आणि पिल्लू असेल तर यातलं काहीच करत बसायचं नाही, उपासही नाही. वाडीतल्या एका घरी दोन महिन्यांचं पिल्लू आणलेलं, गुबगुबीत, कानावर पांढरा ठिपका. उलट्या सुरू झाल्या, त्यांनी ओव्याचं पाणी दिलं, डाळिंबाच्या सालीचा काढा दिला, दुसऱ्या दिवशी रक्ताचे जुलाब, तो एक विशिष्ट घाणेरडा वास, ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. पार्व्हो होता, म्हणजे पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलं. काढ्याने मेलं नाही ते, पण काढ्यात दोन दिवस गेले. सहा-आठ आठवड्यांचं झाल्यावर पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत, आणि ती पुरी होईस्तोवर रस्त्यावर, किनाऱ्यावर सोडायचं नाही. याला घरगुती पर्याय नाही, कुणी कितीही सांगू दे.

तापाचं घेऊ. "नाक गरम लागतंय, ताप आलाय" असा फोन मला महिन्यातनं एक तरी येतोच. आईंना विचारलं तर म्हणतात, "अगो, कुत्र्याचा आंग गरमच आसता, तो काय माणूस हा?" आणि हे शंभर टक्के खरं आहे. कुत्र्याचं नॉर्मल तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपण ज्याला सणसणून ताप म्हणतो तो त्याचा रोजचा हिशोब. नाक ओलं का कोरडं यावरून काही कळत नाही, झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक कोरडंच असतं. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला खोबरेल लावा, मागून घाला, एकाने तोंडाशी बिस्किट धरा. १०३ च्या वर गेला तर ताप.

आणि मग लोक काय करतात, आपल्या डब्यातली गोळी देतात. इथे मी शहाणपणा शिकवायला लायक नाही, कारण मी स्वतः हे केलंय. बंड्या चार वर्षांचा असताना कलमावरून पडलेल्या फांदीने त्याचा पाय दुखावला, लंगडत होता, मी विचार केला माझ्या पाठीला चालते ती दुखण्याची गोळी त्याला अर्धी द्यायला काय हरकत. दोन दिवस दिली. तिसऱ्या दिवशी खाणं बंद आणि शी डांबरासारखी काळी. डॉक्टरांनी मला जे झापलंय ते माझ्या वडिलांनीही कधी झापलं नव्हतं. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, किडनी जाऊ शकते. पॅरासिटामॉल त्यांच्या लिव्हरवर जातं, मांजराला तर एक गोळीसुद्धा जीवघेणी आहे. तेव्हापासून आमच्या औषधांच्या डब्यावर नवऱ्याने मार्करने लिहून ठेवलंय, 'बंड्याची आई, हात लावू नये.' अजून आहे ते.

आता मुख्य विषय, गोचीड. कोकणात कुत्रं पाळायचं म्हणजे निम्मं आयुष्य गोचिडीच्या मागे. पाऊस उघडला, गवत कंबरेएवढं झालं, की सप्टेंबर-ऑक्टोबरात बंड्याच्या कानात द्राक्षांचे घोस लटकावेत तशा दिसतात. (द्राक्ष म्हटल्यावर आठवलं, द्राक्षं आणि मनुका कुत्र्याला देऊ नका, किडनीवर जातात, कितीने जातात तेही आधी सांगता येत नाही, त्यामुळे प्रसादाच्या शिऱ्यातलीसुद्धा नको.)

आमचा पारंपरिक उपाय करंजेल. करंजाच्या बियांचं तेल, कडू, उग्र वासाचं, पूर्वी लोक दिव्यात घालायचे आणि गुरांच्या अंगाला लावायचे. एक वाटी खोबरेलात दोन चमचे करंजेल, मानेला, कानाच्या मागे बाहेरून, पायाच्या बोटांच्या बेचक्यात. वासाने नव्या गोचिडी जरा कमी चढतात, एवढंच, त्यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका, आणि एक-दोन दिवसांत तो वास जातोच. आधीच रुतून बसलेली गोचीड तेलाने मरत नाही. नुसतं करंजेल थापलं तर कुत्रं चाटून चाटून लाळ गाळत बसतं, ओकतंसुद्धा. कडुलिंबाच्या पाल्याचं उकळलेलं पाणी गार करून अंघोळीत शेवटी ओततो, खाजेला बरं वाटतं.

पण याच गोचिडीवर वाडीत अजून काय काय चालतं ते ऐका. तंबाखू भिजवलेलं पाणी. खोबरेलात कापूर भरपूर विरघळवून. रॉकेलचा बोळा. डांबराच्या गोळ्या. तंबाखू नैसर्गिकच आहे की, झाडालाच येते, पण त्यातलं निकोटिन कातडीतून आत जातं आणि चाटलं तर पोटातून, कुत्रं थरथरायला लागतं. कापराचंही तेच, झटके येऊ शकतात. आईसुद्धा कापूर लावायच्या आधी, मी बंद करायला लावला तेव्हा पंधरा दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होत्या. बिब्बा लावणारेही आहेत, त्यांना काय बोलायचं.

गोचीड काढायची ती चिमट्याने, अगदी कातडीलगत धरून, न पिळता, सरळ वर ओढून, आणि साबणाच्या पाण्याच्या डबड्यात टाकायची. नखाने फोडायची नाही, मला माहितेय त्यात एक सुख आहे, तरी नाही. कारण तिच्या पोटात असतं ते आपल्या बोटांना लागतं.

आणि खरी मेख अशी की कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या म्हणजे एकूण फौजेतल्या थोड्याच. गोचीड आयुष्यातला बहुतेक वेळ कुत्र्यावर नसतेच. रक्त पिऊन टम्म फुगली की गळून पडते, अंधारी फट शोधते आणि तिथे तीन-चार हजारांपर्यंत अंडी घालते. आमची घरं चिऱ्याची. जांभ्या दगडाला मुळातच भोकं, त्यात सांध्यातला गिलावा पडलेला, म्हणजे गोचिडींसाठी अगदी बांधून दिलेली चाळ. दोन वर्षं आम्ही बंड्याला न्हाऊमाखू घालत होतो आणि रात्री तो पडवीतल्या ज्या कोपऱ्यात झोपतो त्याच भिंतीतून पोरंबाळं येऊन चढत होती. नवऱ्याने एकदा टॉर्च मारून बघितलं तर भिंत हलत होती, खरंच, बारीक तपकिरी ठिपके वर सरकतायत. मग त्या दिवाळीआधी पडवीची सगळी सांधी सिमेंटने बुजवली, वर चुना दोन हात, बंड्याची गोणी जाळून टाकली, आता त्याला जुनी सतरंजी आहे ती दर आठवड्याला गरम पाण्यात काढून कडक उन्हात. कोंबड्या पडवीत सोडतो, त्या भिंतीखालच्या टिपून खातात. करंजेलाने नाही झालं तेवढं या चुन्याने झालं.

तरी डॉक्टरांनी दिलेली चघळायची गोळी असते ना, महिन्याची किंवा तीन महिन्यांची, वजनावर देतात, ती आम्ही आता पावसाच्या आधीपासून देतो. महाग आहे. कुत्र्याला पूर्वी कधी झटके आले असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा, त्या गोळ्यांच्या बाबतीत महत्त्वाचं असतं. का देतो तर दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात बंड्या दोन दिवस जेवला नाही, माकडांवर भुंकला नाही (गेल्यावरसुद्धा), आई हिरड्या बघायला गेल्या आणि मला हाक मारली. हिरड्या पांढऱ्याफटक, आणि नाकातून रक्ताचा एक बारीक ओघळ. आई त्या दिवशी कुठल्याही पाल्याचं नाव न घेता म्हणाल्या, "गाडी काढ." गोचिडीचा ताप, एर्लिकिया. प्लेटलेट पार खाली. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक २८ दिवस, पोटात अन्न असताना. पाचव्या दिवशी भुंकला. मी रडले, नवरा म्हणाला डोळ्यात काहीतरी गेलंय.

जुलीचं दुखणं वेगळं, कान. लॅब्रॅडॉरचे कान लोंबते, तिला पोहायचं वेड, समुद्र नाही मिळाला तर पाटाच्या पाण्यात, आणि आमची हवा अशी की जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत तर कुत्र्याचा कान कुठला वाळायला. आत बुरशी माजते, आंबलेल्या पिठासारखा वास येतो, तपकिरी मळ. आमचा पहिला उपाय होता लसूण कढवलेलं खोबरेल कोमट करून दोन थेंब, आपल्या लहानपणी आपल्याही कानात घालायचे तसं. आधीच ओल्या कानात आणखी तेल, दोन दिवसांत कान सुजून लाल, जुली डोकं वाकडं करून फिरतेय. आता तेल बंद. पोहून आली की कोरड्या मऊ सुती कापडाने बोट जाईल तेवढंच पुसायचं, इअरबड घालायचा नाही, आणि दहा मिनिटं कान उलटा करून डोक्यावर टाकायचा, केसांना क्लिप लावतात तशी मी कधी कधी कपड्याची सैलशी क्लिप लावते दोन्ही कानांना मिळून, फार गोड दिसते. वास यायला लागला की डॉक्टरांचं धुवायचं औषध. पडदा फाटलेला असेल तर घरात काहीही ओतणं धोक्याचं, आणि तो फाटलाय की नाही हे आपल्याला बाहेरून दिसत नाही.

जखमांना हळद-खोबरेल आम्ही लावतो, किरकोळ खरचटण्यापुरतं. आधी मिठाच्या पाण्याने धुवायची, अर्धा लिटर उकळून गार केलेलं पाणी आणि एक सपाट चहाचा चमचा मीठ. हळद लावल्यावर जुली फिक्या रंगाची असल्यामुळे आठवडाभर हळदीच्या दिवशीच्या नवरीसारखी फिरते, आणि सोफा, आणि माझा पांढरा कुर्ता. पण पावसात जखम उघडी ठेवायची नाही. माशी बसली की दिवसाच्या आत अळ्या. शेपटीखाली, कानाच्या टोकाला, जिथे कुत्र्याची जीभ पोचत नाही तिथे हमखास. सीताफळीचा पाला वाटून लावायची पद्धत आहे, गुरांना लावतात, अळ्या बाहेर येतातही काही, पण तो रस डोळ्यात गेला तर डोळा जातो असं जुने लोकही सांगतात, म्हणून तोंडा-कानाजवळ आम्ही लावत नाही. फिनेल मात्र ओतू नका, प्लीज. अळ्या मरतात आणि कातडीही. दवाखान्यात टर्पेंटाइनचा बोळा ठेवून चिमट्याने एकेक काढतात, ते डॉक्टरांचंच काम, आणि भोक दिसतं त्यापेक्षा आत बरंच खोल असतं.

तळव्यांना भेगा पडल्या तर भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. आमच्याकडे त्याचे फिकट पिवळे गोळे असतात, थंडीत आपण टाचांना लावतो तेच. ते अगदी दगडासारखं कडक असतं, पळीत घालून निखाऱ्यावर धरायचं, वितळलं की बोटाने पोत बघायचा, कोमट असतानाच बंड्याच्या पंजाच्या गाद्यांवर आणि कोपरावर, जिथे त्याला चिऱ्यावर झोपून झोपून घट्टे पडलेत, तिथे चोळायचं. चाटलं तरी त्रास नाही. यात मला एकही खोट सापडलेली नाही. फक्त लावल्यावर पाच मिनिटं धरून ठेवावं लागतं, नाहीतर शेणाने सारवलेल्या अंगणात चार तेलकट फुलं उमटतात आणि आईंचा पारा चढतो.

इथलेच काही खास घोटाळे आहेत जे शहरातल्या पुस्तकात नसतात. पहिल्या पावसात बाहेर पडलेला तो खरबरीत मोठा बेडूक कुत्र्याने तोंडात धरला की तोंडाला फेस, डोकं झटकणं, डोळे मोठे. घाबरून कांदा हुंगवत बसू नका. नळाखाली तोंड खाली करून, पाणी घशात नाही तर बाहेर पडेल असं, पाच-दहा मिनिटं धुवा आणि ओल्या फडक्याने हिरड्या पुसा. बहुतेकदा तेवढ्याने भागतं, पण थरथर किंवा झोक जायला लागले तर दवाखाना. किनाऱ्यावर रापणीनंतर (काठावरून मोठं जाळं ओढतात ती) पडलेले केंड मासे, ते फुगणारे, त्यात भयंकर विष असतं, जुलीला तिकडे मी पट्टा घालूनच नेते. गळ गिळलेला असेल आणि तोंडातून दोरा लोंबत असेल तर तो ओढायचा नाही, कापायचाही नाही, तसाच डॉक्टरकडे. मे महिन्यात आंब्याचा बाठा! गुळगुळीत, चाटून निसटता, मोठं कुत्रं सहज गिळतं आणि तो आतड्यात अडकतो, ऑपरेशनशिवाय सुटका नाही, म्हणून आमच्याकडे बाठ्याची बादली झाकणाची. काजूची कच्ची बी चावली तर सालीतल्या चिकाने तोंड भाजतं.

फुरसं चावलं तर फक्त गाडी. ना चुना, ना चिरा द्यायचा, ना कुठला पाला. माणसाला देतात तेच सर्पविषावरचं इंजेक्शन कुत्र्यालाही चालतं, वेळेत मिळालं तर वाचतात. जाताना कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या.

आणि कुत्रं माणसाला चावलं तर, हा उलटा प्रश्न पण लोक मलाच विचारतात. जखमेत तिखट-हळद भरायची पद्धत अजून आहे आमच्याकडे. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी इंजेक्शन, बाकी काही नाही. रेबीज एकदा दिसायला लागला की जगात कुठेच औषध नाही. आपल्या कुत्र्याला तीन महिन्यांनंतर लस आणि मग डॉक्टर सांगतील तशी, बहुतेक दरवर्षी. शेजारच्या गोव्याने गावोगाव जाळी घेऊन कुत्र्यांना लसी टोचल्या आणि २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं, तिथे कुणी काढा नव्हता पाजला. वर्षाच्या एकत्र लसीत लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप, त्याची लस आहे का तेही विचारून घ्या. शेतात, उंदरांच्या बिळांतून आलेल्या पाण्यात फिरणारी आपली कुत्री, आपल्या जिल्ह्यात माणसांनाही होतो तो.

हे सगळं लिहिताना लक्षात आलं, आमचे जे उपाय टिकले ते म्हणजे भात, पाणी, मीठ, तेल, ऊन आणि चुना. कडक होते ते सगळे गळाले, आणि आईंनीच गाळले, मी फक्त कुरकुर केली. जंतांसाठी पपईच्या बिया वाटून द्यायच्या त्या, डॉक्टरांनी एकदा बंड्याची शी तपासून हुकवर्म दाखवल्यावर स्वतःच म्हणाल्या, "गोळीच घाल." हुकवर्म वाळूत, ओल्या मातीत असतात, आपल्या अनवाणी पायातही शिरतात, म्हणजे किनाऱ्याजवळ राहणाऱ्याने तर गोळी चुकवायलाच नको. गोळी घालायची कशात हा प्रश्न उरतो. बंड्या उकडलेल्या बांगड्याच्या काटा काढलेल्या तुकड्यातून बिनतक्रार घेतो. जुली बांगडा खाते, गोळी बाजूला ठेवते. तिला पिकलेल्या फणसाच्या गऱ्यात घालून दिली, आठळी काढून, तर गरा गेला आणि गोळी माझ्या तळहातावर परत, स्वच्छ चाटून. शेवटी इडलीत चालली. इथे इडली आठवड्यातनं एकदाच होते, त्यामुळे जुलीचं वेळापत्रक शनिवारवर बांधलंय.

तर परवाचे जुलाब. मूळ कारण नंतर कळलं, तात्यांकडे तेरवा श्राद्ध होतं, बंड्याने उष्ट्या पत्रावळींचा ढीग गाठलेला, वडे, खीर, सगळं. काल दुपारपर्यंत उपास, संध्याकाळी पेजेची निवळ, रात्री थोडा भात. पेज बघून माझ्याकडे असा बघत होता जसं मीच त्याला पत्रावळीवरून उठवलंय. आज सकाळी मी ओट्याशी चहा गाळत होते, दुधाचा टोप उतू जायच्या बेतात, आणि घरामागून आईंची हाक आली, एवढी खणखणीत की पलीकडच्या कलमांत औषध मारणाऱ्या गड्यांनीसुद्धा पंप बंद केला.

"घट्ट झाला गो!"